मुठीतला ऑक्टोबर

यंदा वास जरा उशिराच आला. सकाळी कचरा ठेवायला खाली उतरले होते. प्लास्टिकचा वार होता, आणि कावळ्यांनी कचरा विस्कटू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली पिशवी सरकवताना तो नाकात शिरला. किनमोकुसेईचा वास. तांदळाच्या कणीएवढी नारिंगी फुलं, पण अख्खी गल्ली भरून टाकतात. झाड कुणाच्या कुंपणाआड आहे ते शोधावं लागतं. इथल्या बायकांना हा वास फार प्रिय. भेटल्या की "आला बरं का" म्हणतात आणि क्षणभर डोळे मिटतात. मीही मान डोलावते. इतकी वर्षं जपानात, या कावासाकी शहरात काढल्यावर मान डोलवायला काही लागत नाही. पण लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं की पिशवी खाली राहिली तरी माझी उजवी मूठ वळलेलीच आहे आणि अंगठा आत दाबला गेलाय.

मग दिवसभर काही सुचत नाही. भाजी चिरताना सई आठवते, म्हणून सईला मेसेज करते. माझी ही एकुलती एक मुलगी क्योतोला असते, तिशी उलटलेली, युनिव्हर्सिटीत आपल्या कामात बुडालेली. दुपारपर्यंत तिचं उत्तर येत नाही. तिला काही झालेलं नसतं, ती लॅबमध्ये असते, हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी मी फोन उलटा ठेवते, पुन्हा सुलटा करते, रेंज आहे ना ते बघते. ऑक्टोबरात मी अशीच असते. घरात आता कुणी त्यावर बोलत नाही.

हे सगळं सुरू झालं ते सत्त्याण्णव साली. त्याच्या दोन वर्षं आधी नवऱ्याच्या, श्रीकांतच्या, सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टपायी आम्ही पुण्याहून इथे आलो होतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाल्कनीतून समोरच्या बाल्कनीतल्या गाद्या दिसायच्या. आलो तेव्हा सई तीन वर्षांची होती. योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत, घातल्यापासून सहा महिन्यांत तिच्या तोंडात जपानी बसलं. मी मराठीत विचारायची, डबा संपवलास का. ती जपानीत उत्तर द्यायची. फोनवर पुण्याला सांगताना मला अभिमानही वाटायचा आणि वाईटही. रोजचे ठरलेले प्रश्न कळतात, बाकी मराठी विसरली हो ती, असं मी सासूबाईंना सांगून टाकलं होतं. आणि मला खरंच तसं वाटत होतं. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असं मोठी माणसं किती सहज धरून चालतात.

त्या सप्टेंबरच्या शेवटी स्टेशनवर सई हरवली, ते मी सगळ्यांना असं सांगितलं: गर्दी होती, हात सुटला, सई गाडीत शिरली, दारं मिटली. दाराच्या काचेत तिची पिवळी टोपी दिसत होती. ती रडत नव्हती, माझ्याकडे बघत होती. गाडी हलली, आणि मी प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत धावले. पांढरे हातमोजे घातलेल्या कर्मचाऱ्यासमोर माझं दोन वर्षांचं जपानी डोक्यातून पार पुसलं गेलं. मूल, गाडी, पिवळी टोपी, एवढे तीनच शब्द सुचले. त्याला ते पुरले. त्याने फोन फिरवले. प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं गेली.

तीन स्टेशनं पुढे, ऑफिसातल्या खुर्चीवर सई गालात गोळी ठेवून बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. एक वयस्क अधिकारी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि प्रेमाने म्हणाले की बाळ, पुन्हा कधी आईचा हात सोडायचा नाही हं. सई "हाइ", म्हणजे हो, म्हणाली. मी कमरेत वाकून त्यांचे आभार मानले, पुन्हा वाकले, पुन्हा मानले. बाहेर पडलो तर स्टेशनलगतच्या कुंपणावर किनमोकुसेई नुकता फुलला होता. तेव्हापासून तो वास आणि मी, असं आहे.

सापडली ना, मग झालं. सगळे हेच म्हणत होते. मीही म्हणत होते. पण माझ्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. सईला घेऊन घराबाहेर पडलं की माझी उजवी मूठ तिच्या मनगटावर मिटायची आणि मला उघडता यायची नाही. घरी आल्यावर डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागायचं. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा. भात गिळताना घशात काहीतरी आडवं यायचं. झोपलेच तर दारं मिटण्याच्या आधी वाजते ती स्टेशनवरची धून कानात वाजून जाग यायची. हॉस्पिटलात घशात कॅमेरा घालून बघितलं, रक्त तपासलं, सगळं उत्तम होतं. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की मी झोपायची आणि मूठ जागी राहायची.

श्रीकांत मुळात शांत माणूस. त्याने मला समजावलं तेही त्याच्या ऑफिसच्याच भाषेत. "हे बघ, सई सापडली. इश्यू क्लोज झालाय. तू तो परत परत का ओपन करतेस?" मला त्याचा राग आला नाही, त्याचं बरोबरच होतं. सासूबाईंनी पुण्याहून वेगळा उपाय सांगितला. येताना त्यांनी सामानात काशाची वाटी दिली होती, तिने तळपायांना तूप चोळ, उष्णता उतरेल, आणि पोरीची दृष्ट काढ. मी दोन्ही केलं. वाटीने तळवे काळे झाले, त्या रात्री तासभर बरी झोप लागली, हे खोटं कशाला सांगू. दृष्ट काढल्यावर मात्र ओवाळलेल्या मीठ-मोहऱ्या इथल्या नियमाप्रमाणे जळणाऱ्या कचऱ्यात टाकायच्या की न जळणाऱ्या, या प्रश्नावर मी स्वयंपाकघरात अर्धा तास उभी होते. तोवर दृष्ट काढल्याचं समाधान निघून गेलं होतं.

सई मात्र शहाण्यासारखी वागत होती. आधी फार हट्टी होती ती. जमिनीवर अंग टाकायची, श्वास कोंडून धरायची. त्या सप्टेंबरनंतर एकदम बदलली. सांगितलं की करायची, दिलं ते खायची. फक्त सकाळी पोट दुखतं म्हणायची, ते मी दुधावर घातलं. जपानी शाळेने वळण लावलं म्हणून मी फोनवर तिचं कौतुक करत होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर योचिएनमधल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांनी सईची बाही हलकेच वर सरकवली. मनगटावर चार निळसर डाग होते, आणि खालच्या बाजूला एक, अंगठ्याचा. त्या एवढंच म्हणाल्या की घरी काही त्रास असेल तर सांगा, आम्ही आहोत. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. ते डाग माझे होते. मुलीला ज्या हाताने जपायचं, त्याच हाताने मी तिला दुखवत होते, आणि तो हात माझं ऐकत नव्हता.

डागांचं कळल्यावर श्रीकांतने त्या दिवशी प्रथमच विचार करून ठेवलेलं बोलून दाखवलं. डिसेंबरपर्यंत बघू, नाहीतर तुम्ही दोघी पुण्याला जा. आईबाबा आहेत, तुला विश्रांती मिळेल, सईला माणसं मिळतील. त्याचं कॉन्ट्रॅक्ट अजून दोन वर्षांचं होतं. तो चांगल्या मनाने बोलत होता, आणि मला ऐकू येत होतं ते असं की ही पोर आता तुझ्या हातात ठेवता येत नाही. पुण्याला गेले की सासूबाई सईला उचलून घेणार, आणि हळूहळू सगळ्यांना दिसणार की ही बाई मूल सांभाळायला लायक नाही. मला परत जायची भीती नव्हती. हे उघडं पडण्याची होती.

खालच्या मजल्यावरच्या ओगावा-सान म्हणजे अगदी मोजकं बोलणाऱ्या बाई. एका दुपारी सायकलच्या शेडमध्ये मी कुलूप उघडायला उभी होते आणि मूठ उघडून किल्ली काढता येत नव्हती. त्यांनी ते पाहिलं. माझ्या हातातून किल्ली काढून कुलूप उघडून दिलं, आणि संध्याकाळी दाराच्या टपालपेटीत एक कागद टाकला. त्यावर बाजारपेठेचा नकाशा होता, तोफूच्या दुकानामागे बाणाची खूण, आणि "तामुरा-सेन्सेई, फार चांगला हात" असं सोप्या अक्षरांत लिहिलेलं.

इथे गुरूला, वैद्याला सेन्सेई म्हणतात. तामुरा-सेन्सेई साठीच्या होत्या आणि त्यांना लहानपणापासून दिसत नव्हतं. मालिश, सुया आणि शेक ही त्यांची विद्या. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी अंध मुलांना शाळेत हेच काम शिकवत. घराच्या पुढच्या खोलीतच दवाखाना. चटयांवर गादी, मध्ये एक कापडी पडदा, आणि दवण्याचा वास. पहिल्या दिवशी मी दचकलेच, इथे दवणा कुठून आला. मग कळलं, शेकायला वापरतात तो कापूस दवण्याच्याच जातीच्या पाल्याचा असतो. घड्याळ बघायचं झालं की सेन्सेई मनगटावरच्या घड्याळाचं झाकण उघडून काट्यांवर बोट ठेवायच्या.

मनाच्या दुखण्याला अंग चोळून काय होणार, हे मला तेव्हाही वाटत होतं. आजही कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगणार नाही की त्याने बरं होतं. पण सेन्सेईंनी मुठीला हातही लावला नाही. मला उताणं झोपवलं, गुडघ्यांखाली उशी दिली, आणि तळहात पोटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. बराच वेळ त्या काही करतच नव्हत्या. मला शरम वाटायला लागली, मग कंटाळा, मग धडधड. आणि मग लक्षात आलं की या देशात दोन वर्षांत नवरा आणि मुलगी सोडून मला कुणी मायेने शिवलंच नव्हतं. सगळे वाकतात, हसतात, सुटे पैसेसुद्धा बशीत ठेवून देतात. त्या विचाराने डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

बरगड्यांखाली दाबून त्या विचारायच्या, दुखतंय का. मी म्हणायची, दाइजोबु, ठीक आहे. या देशात आल्यावर मी शिकलेला हा पहिला शब्द, आणि तो मी सगळीकडे वापरायची. दुकानात, डॉक्टरकडे, योचिएनच्या दारात. तिसऱ्या भेटीत सेन्सेई म्हणाल्या की तुम्ही तोंडाने ठीक म्हणता तेव्हा पोट दगडासारखं होतं, मी पोटाचं ऐकते, तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. त्या दिवशी त्यांनी केसाएवढ्या बारीक सुया लावल्या, पोटरीवर शेक दिला. घरी येताना सईच्या मनगटावरची माझी बोटं कशी कोण जाणे, दोन वेळा सैल पडली. मी घाबरून पुन्हा आवळली.

पाचव्या भेटीत ते झालं. नोव्हेंबर लागला होता, खोलीत रॉकेलचा हीटर पेटवलेला. सई नेहमीसारखी पडद्यापलीकडे खडू घेऊन चित्र रंगवत बसली होती. सेन्सेईंचा हात पोटावर होता, श्वास खाली उतरत होता, आणि माझं तोंड उघडलं. मी मराठीत बोलायला लागले. खोलीत मराठी कळणारं कुणी नाही, या भरवशावर बोलले.

"सेन्सेई, गर्दी नव्हती हो. दुपारची वेळ, प्लॅटफॉर्म रिकामा होता. तिला पहिल्या डब्यात जायचं होतं, ड्रायव्हरच्या मागे उभं राहायला. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, उकडत होतं, सकाळपासून ती रडत होती. मीच तिचा हात झटकला. जा मग एकटी, मी चालले, असं म्हटलं आणि पाठ फिरवली. चार पावलं चालले. माझी आई करायची तसंच. हात सुटला नाही, मी सोडला. आणि त्या साहेबांनी तिला सांगितलं की आईचा हात सोडू नकोस, तेव्हा मी गप्प राहिले. पाच वर्षांच्या पोरीवर ढकललं."

आमच्याकडे सगळ्या आया हे करतात. भररस्त्यात मूल हटून बसलं की "मी चालले, तू बस इथेच" म्हणून चालायला लागायचं, मूल रडत मागे येतं. पुण्यात ते खपतं, कारण वाटेतला कुणीही फळवाला पोराला धरून ठेवतो आणि वर आईलाच चार शब्द सुनावतो. इथे गाडीची दारं ठरल्या सेकंदाला मिटतात. आणि इथलं मूल, जा म्हटलं की जातं. एवढा साधा विचार मला त्या चार पावलांत सुचला नव्हता.

सेन्सेईंना माझं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी हात हलवला नाही. थोड्या वेळाने मात्र मान पडद्याकडे वळवली आणि जपानीत हळूच म्हणाल्या,

"खडूचा आवाज थांबलाय. तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच थांबला."

मी उठून बसले. पडदा सरकवला तर सई खडू हातात धरून बसली होती आणि कागदाकडे बघत होती. सेन्सेईंनी तिला नावाने हाक मारली, जवळ बसवलं, पोट दुखतं का विचारलं. मुलांना त्या सुया टोचत नसत. एक बोथट पितळी सळई पाठीपोटावरून फिरवायच्या, मांजराला कुरवाळावं तशी. सईच्या पोटावर हात ठेवताच त्यांचा चेहरा बदलला. हिचं तर तुमच्याहून घट्ट आहे, एवढंच त्या म्हणाल्या आणि सळई फिरवायला लागल्या.

चार-पाच मिनिटं सळई फिरत राहिली. मग सई बोलली, आणि कितीतरी महिन्यांनी मराठीत बोलली.

"आई, मला माहीत होतं."

तीच पुढे सांगत गेली, छताकडे बघत, अडखळत, मध्येच जपानी शब्द घालून. "तू जा म्हणालीस म्हणून मी गेले. त्या काकांना मी सांगितलं, हात मीच सोडला. नाहीतर ते तुला रागावले असते. बाबांना पण नाही सांगितलं." मग म्हणाली, "आता मी हट्ट करत नाही ना. मग तू परत नाही ना सोडणार मला?"

म्हणजे तो शहाणपणा. ते डबा संपवणं, ते सांगितलं की ऐकणं, ज्याचं मी फोनवर कौतुक करत होते. दीड महिना माझी मुलगी माझ्यासमोर भिऊन वागत होती, आणि माझं पाप स्वतःच्या पोटात घेऊन रोज सकाळी शाळेत जात होती. मी सगळ्यांपासून लपवत होते, आणि ती मला लपवत होती. मी तिला सांगितलं की चूक माझी होती, तुझी नव्हती, तू कितीही हट्ट केलास तरी मी कधी सोडणार नाही. तिने मान हलवली. खरं वाटल्यासारखं दिसलं नाही.

श्रीकांतला मी त्याच आठवड्यात सांगितलं. तो भाग सोपा नव्हता. तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि मला दोन्ही दिवस वाटत होतं की आता तिकिटं येणार. तिसऱ्या दिवशी म्हणाला की एवढं मोठं एकटीने धरून ठेवलंस आणि मी इश्यू इश्यू करत बसलो. पुण्याला आम्ही गेलो नाही, कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं आणि इथलेच झालो. सेन्सेईंकडे मात्र पुढचा अख्खा हिवाळा जात राहिलो, दोघीही. भीती गेली म्हणू नये. ती मुठीतून निघून फोनमध्ये येऊन बसली आहे, एवढंच. पण सईच्या मनगटावर पुन्हा डाग उठले नाहीत.

त्या पाचव्या भेटीनंतरचं घरी येणं मात्र अजून लख्ख आठवतं. पाच वाजत आले होते, अंधारून आलेलं, बाजारपेठेत दिवे लागलेले. वाटेत एका गल्लीत कुणाचा तरी म्हातारा कुत्रा बांधलेला असायचा. सई म्हणाली, त्याला बघून जाऊ. सवयीने माझ्या तोंडून निघालं की आज नको, उशीर झालाय. तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग "नाही" म्हणाली, हात हिसडला आणि रस्त्यावर बसली. बसली ती आडवी झाली. तिने गळा काढला, लाथा झाडल्या, एक बूट उडून भाजीवाल्याच्या टोपल्यांपाशी गेला. लोक वळसा घालून जायला लागले. कुणी रागावलं नाही, पण सगळे बघत होते. माझा हात तिच्या मनगटाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मी कुणालाही माफ करा म्हटलं नाही. पिशवी भिंतीला टेकवली आणि तिच्याशेजारी, रस्त्याच्या कडेला, खाली बसले. ती एक डोळा उघडून मी आहे का बघायची आणि पुन्हा दुप्पट जोराने रडायची. मी तिला रडू दिलं. घरी कणीक मळायची होती, श्रीकांत येण्याची वेळ झाली होती, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.